फॉक्सप्रो की पोस्टग्रेस: शिकलेलं किती उरतं?

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीचा सपोर्ट 2015 मध्येच बंद केला. सांगलीतल्या हळदीच्या एखाद्या अडतीचा हिशेब अजून त्यातच असेल, तर त्यावर घालवलेले दिवस वाया? स्क्रीन, मेन्यू, ‘ब्राउज’ (तक्ता उघडून पाहायची आज्ञा) हे गेलंच. पण शेतकऱ्यानुसार पोत्यांची बेरीज काढणारं ‘सिलेक्ट… ग्रुप बाय’ पोस्टग्रेस या आजच्या डेटाबेस प्रणालीमध्येही जवळपास तसंच चालतं.

खरा फरक वीज गेल्यावर कळतो. फॉक्सप्रोची सीडीएक्स इंडेक्स (नोंद पटकन शोधायची वेगळी सूची-फाइल) बिघडू शकते. पावती फाइलमध्ये असूनही शोधल्यावर सापडत नाही. मग सगळ्यांना बाहेर काढून ‘रीइंडेक्स’, म्हणजे ती सूची नव्याने बांधणं! (इंडेक्स म्हणजे काय, हे मात्र तिथेच पक्कं कळतं.) पोस्टग्रेस बदल आधी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहितं, म्हणून पुन्हा सुरू होताना स्वतःच सावरतं.

नव्याने शिकणाऱ्याने थेट पोस्टग्रेसच धरावं. जुनी डीबीएफ (फॉक्सप्रोची डेटा फाइल) हलवताना तारखांचे रिकामे रकाने आधी ‘नल’ (मूल्य नाही अशी खूण) करा, नाहीतर आयात तिथेच अडते.