सुरुंगाच्या हादऱ्याने भिंतीला तडे: तहसील, दिवाणी कोर्ट की हरित लवाद?

सोलापुरात दगडखाणीच्या सुरुंगांनी घराला तडे गेले, तर दाद कुठे मागायची? भूमिगत कोळसा खाणींवरून घरांच्या नुकसानीचे वाद होतात ते चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात. कोळसा काढल्यावर खाणीचं छत बसतं आणि वरची जमीन खचते. सोलापुरात कोळसा नाही. इथला वाद दगडखाणीतल्या सुरुंगांचा. पण दोन्हीकडे दावा अडतो एकाच प्रश्नावर: तडा नेमका कशाने गेला?

खाणवाल्याचा वकील हमखास काळ्या मातीकडे बोट दाखवतो, आणि त्यात तथ्यही असतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलवते. म्हणून कुठेही अर्ज करण्याआधी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. शेजारी तारीख लिहा, सुरुंगाच्या आधी आणि नंतर फोटो काढा. सुरुंगानंतर लगेच काच तडकली, असं वारंवार झालं, तर तुमची बाजू भक्कम. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग बहुधा मातीचीच.

हादरे मोजायचे तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आधाराला आहे. खाणमालकाच्या मालकीची नसलेली राहती घरं असतील, तर जमिनीच्या कंपनाच्या वेगाची मर्यादा ८ हर्ट्झखाली (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) सेकंदाला ५ मिमी, ८ ते २५ हर्ट्झला १० मिमी, त्यापुढे १५ मिमी. हादरे मोजणारं यंत्र घराच्या पायालगत जमिनीत बसवा. स्लॅबवर आकडा फुगतो आणि समोरचा पक्ष तो अहवालच खोडून काढतो.

तहसीलदार किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे तक्रारीला खर्च जवळजवळ नाही. पंचनाम्याची मागणी लेखी करा. खाणपट्ट्याचा नकाशा, पर्यावरण मंजुरी (खाणीला अटींसह मिळालेली सरकारी परवानगी) आणि सुरुंगाच्या नोंदी १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मागा. मात्र बेकायदा उत्खननाचा दंड सरकारजमा होतो. घराची भरपाई या वाटेने मिळत नाही.

भरपाईसाठी दोन वाटा. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात कोर्ट कमिशनरकडून (कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून) जागेची पाहणी आणि सुरुंगांना तात्पुरती मनाई, दोन्ही मागता येतं. दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं. निकालाला मात्र वर्षानुवर्षं लागतात. पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, मुदत ५ वर्षं, फी मागितलेल्या भरपाईच्या १ टक्का, किमान १००० रुपये. तिथे खाणवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, पण नुकसान सुरुंगानेच झालं हे दाखवावंच लागतं. शिवाय मुद्दा पर्यावरण कायद्यांच्या कक्षेत बसला पाहिजे. तसा तो बसत असेल, तर राष्ट्रीय हरित लवाद कायद्याच्या कलम २९ मुळे त्याच भरपाईसाठी दिवाणी कोर्टात जाता येत नाही; समोरचा पक्ष पहिली हरकत हीच घेतो.

आमचं मत स्पष्ट आहे. अख्ख्या वस्तीला तडे गेले असतील आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी मोडल्याचे कागद हातात असतील, तर लवाद. एकाच घराचा प्रश्न असेल आणि असे कागद नसतील, तर दिवाणी कोर्ट. तहसीलची तक्रार दोन्हींच्या आधी, पण ती पडून आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. आणि पंचनामा होईपर्यंत भेगा लिंपू नका.