ठाणे खाडीवरचा पेपर कुठे छापायचा? लेखकासाठी तीन वाटांची तुलना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून खाडीच्या गाळातल्या धातूंवर, खारफुटीवर किंवा मासळीवर तुम्ही संशोधन केलंत. पेपर तयार आहे. गाइड म्हणतील, आधी इम्पॅक्ट फॅक्टर बघ, म्हणजे त्या जर्नलच्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात तो आकडा. मी म्हणेन, आधी वाचणार कोण ते ठरवा. चेंदणी किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यासाठी झटणारी संस्था, महापालिकेतला अभियंता, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेल्यापासून तिच्यावर लिहिणारा पत्रकार. यांच्याकडे जर्नलचं लॉगिन नसतं.

पहिली वाट वर्गणीच्या जर्नलची. लेखकाला सहसा खर्च नाही, नाव मोठं, बढतीच्या फाइलीत वजन. मात्र बाहेरच्या माणसाला एकेका लेखासाठी डॉलरमध्ये पैसे मोजावे लागतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ने, म्हणजे सरकारने देशभरासाठी एकत्र वर्गणी भरण्याच्या योजनेने हा प्रश्न सुटला, असं हल्ली बरेच प्राध्यापक म्हणतात. योजना मोठी आहे यात शंका नाही: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती केंद्र व राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. दिवाळ्याचा मच्छीमार तिच्यात बसत नाही. कुंपण तसंच राहिलं, आत येणाऱ्यांची संख्या तेवढी वाढली.

दुसरी वाट पैसे भरून लेख खुला करण्याची. वाचकाच्या दृष्टीने ही उत्तम: लेख पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मोफत. लेखकाच्या दृष्टीने मात्र अन्यायाची. ‘नेचर’ने २०२१ पासून ही सोय दिली तेव्हा शुल्क होतं ९,५०० युरो. बाकीची जर्नल्स स्वस्त असली तरी अनेकांचं शुल्क काही हजार डॉलर असतं, आणि पूर्ण माफीच्या याद्यांत भारत सहसा नसतो. प्रकल्पाच्या अनुदानात या खर्चाची तरतूद असेल तरच इकडे वळा. पगारातून भरू नका.

याच वाटेवर भामटेही बसलेले असतात. ‘सात दिवसांत प्रकाशन, आयएसएसएनसह (म्हणजे नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकासह)’ असा ईमेल आला की सावध व्हा. यूजीसीने मान्य जर्नल्सची आपली केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता तुम्हाला आणि तुमच्या संस्थेलाच करायची आहे. डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या निर्देशिकेत नाव आहे का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, एवढं तरी तपासा.

तिसरी वाट मला सगळ्यात पटते आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. पेपर वर्गणीच्या जर्नलला द्यायचा आणि परीक्षकांनी मान्य केलेलं आपलं हस्तलिखित खुल्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोणालाही वाचता येईल अशा ऑनलाइन संग्रहात ठेवायचं. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा झेनोडो हा संग्रह हे मोफत करतो, डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांकही देतो. बहुतेक मोठे प्रकाशक याला परवानगी देतात, मात्र अनेकदा बारा महिने किंवा त्याहून जास्त थांबायला लावतात. प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीचा मसुदा, त्याआधीच ठेवता येतो का, हे जर्नलच्या नियमांत वाचा. प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ मात्र चढवू नका. तिचे हक्क सहसा त्याच्याकडे असतात. लेखकाकडूनही पैसे न घेणारी खुली जर्नल्स आहेत. विषयाला साजेसं आणि चांगलं संपादित केलेलं असं एखादं सापडलं तर उत्तमच.

खुल्या लेखाला उद्धरणं जास्त मिळतात का, म्हणजे इतर पेपर त्याचा संदर्भ जास्त वेळा देतात का? पुष्कळ अभ्यास हो म्हणतात. पण २००८ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या एका प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्यासारखे लेख निवडून खुले केले, तेव्हा वाचक आणि डाउनलोड वाढले, पहिल्या वर्षात उद्धरणं मात्र वाढली नाहीत. माझ्यासाठी वाचक वाढले हेच पुरेसं कारण आहे.

शेवटी परवान्याची निवड. सीसी बाय, म्हणजे श्रेय देण्याची एकच अट असलेला खुला परवाना दिलात तर श्रेय देऊन कोणीही तुमच्या पेपरचा मराठी अनुवाद करून कोळीवाड्यात वाटू शकतो. परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल किंवा अनुवाद करून वाटायला मनाई) असेल तर त्याला आधी तुमची परवानगी मागावी लागेल. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी ही दोन अक्षरं शोधा.