ऑगस्टातलं ठाणं, नोव्हेंबरातलं जर्मनी: एक्सचेंजला जाणाऱ्यांच्या स्किनकेअर सामानाची परीक्षा

एका सेमिस्टरसाठी युरोपात जाणारी ठाणे-नवी मुंबईतली मुलंमुली व्हिसाच्या कागदांच्या धावपळीतच स्किनकेअरची खरेदीही उरकतात. नौपाड्यातल्या केमिस्टकडे किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये उभं राहून मनगटावर थेंब लावायचा, हलका वाटला तर घ्यायचा, चिकट वाटला तर परत ठेवायचा. ऑगस्टातल्या दमट हवेत घेतलेली ही परीक्षा नोव्हेंबरसाठी नेमकी उलटी ठरते. इथे जे छान वाटतं ते तिथे पुरत नाही, आणि इथे नको वाटतं तेच तिथे कामाला येतं. म्हणून नेहमी घेतल्या जाणाऱ्या वस्तू इथल्या सोयीवर न तोलता तिथल्या हवेच्या हिशेबाने तोलल्या आहेत. उदाहरण जर्मनीच्या हिवाळी सेमिस्टरचं आहे, कारण तिथे वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात आणि पाठोपाठ थंडी येते.

आधी हवेचा हिशेब. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर ठाण्याच्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ० अंशाची हवा पूर्ण भिजलेली असली तरी जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरते. तीच हवा खिडकीतून होस्टेलच्या खोलीत आली आणि हीटरने २२ अंशांपर्यंत तापली, तरी वाफ तेवढीच राहते. २२ अंशांची हवा मात्र १९ ग्रॅमहून अधिक वाफ धरू शकते. म्हणजे खोलीतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. अशी हवा त्वचेतलं पाणी सतत ओढत राहते. बाहेरच्या थंडीपेक्षा हीटरच्या खोलीतले आठ-दहा तासच त्वचा जास्त फाडतात.

त्यामुळे क्रीमची चाचणी घ्यायची तर एसीच्या खोलीत, रात्री. एसीची हवा हीटरच्या खोलीइतकी कोरडी नसते, पण घरबसल्या मिळणारी सर्वांत जवळची परिस्थिती तीच. रात्री तोंड धुतल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच एका गालाला एक क्रीम आणि दुसऱ्या गालाला दुसरं लावायचं, एसी २२-२३ अंशांवर ठेवून झोपायचं आणि सकाळी पाणी लावण्याआधी तपासायचं. हसताना गाल ओढल्यासारखा वाटतो का, नाकपुडीच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत कोंडा दिसतो का, नडगीवर नखाने हलकी रेघ ओढली तर पांढरी उमटते का. रेघ पांढरी उमटली तर पायांना लावलेलं लोशन अपुरं आहे. हे पाच-सहा रात्री करावं. एका रात्रीवरून काहीच ठरत नाही.

त्याच्याही आधी पॅच टेस्ट. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावायचं. ऍलर्जीची प्रतिक्रिया बहुधा लगेच येत नाही, दोन-चार दिवसांनी येते. त्यामुळे दुकानात टेस्टर लावून पाच मिनिटांत दिलेला निर्णय इथे कामाचा नाही. दोन नव्या वस्तू एकदम सुरू करू नयेत, मध्ये दोन आठवडे सोडावेत, नाहीतर पुरळ उठलं तर कशाने ते कळत नाही. हा सगळा हिशेब मांडला की निघण्याच्या किमान आठ आठवडे आधी सुरुवात करावी लागते. शेवटच्या पंधरवड्यात नवं काहीही चेहऱ्याला लावू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता वस्तू.

क्लेन्झरमध्ये सेटाफिल जेंटल स्किन क्लेन्झर या प्रवासासाठी योग्य आहे, आणि त्याचं कारण पाण्यात आहे. ठाण्याला भातसाचं आणि नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. ते पावसाचं साठवलेलं, मऊ पाणी. बर्लिन आणि म्युनिकचं पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम भरपूर. साबण आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा थर तयार होतो. बाथरूमच्या टाइल्सवर बसतो तोच थर त्वचेवरही राहतो आणि खाज सुटते. सेटाफिल साबण नाही, त्यामुळे हा थर होत नाही. फेस जवळजवळ येत नाही म्हणून इथे ते लावल्यावर चेहरा स्वच्छ झाल्यासारखा वाटत नाही, आणि घामट दिवशी ती तक्रार खरीही आहे. वॉटरप्रूफ काजळ आणि पाण्याला टिकणारं सनस्क्रीन त्याने नीट निघत नाही, त्यासाठी आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटर लागतं. हिवाळ्यात मात्र रात्री एकदा क्लेन्झर आणि सकाळी नुसतं कोमट पाणी एवढं पुरतं. भरपूर फेसाचे, कडुनिंबाचे किंवा कोळशाचे फेसवॉश घरीच ठेवावेत.

मॉइश्चरायझर ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची निवड, आणि इथेच सर्वाधिक पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. पाँड्स सुपर लाइट जेल किंवा न्यूट्रोजिना हायड्रो बूस्ट यांसारखे जेल ठाण्याच्या हवेसाठी उत्तम आहेत: पटकन जिरतात, तेलकट होत नाहीत. त्यांचा भर ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ऍसिड यांवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या घटकांवर असतो. पाणी उडून जाऊ न देणारा जड थर त्यांत फारसा नसतो. दमट हवेत त्याची गरज पडत नाही. हीटरच्या खोलीत लावल्यापासून तासाभरात चेहरा पुन्हा ओढायला लागतो. जेल न्यायचाच तर खालच्या थरासाठी, त्यावर क्रीम हवंच.

सेराव्हे मॉइश्चरायझिंग क्रीम आमच्या मते या कामासाठी पहिल्या क्रमांकाचं. त्यात त्वचेच्या वरच्या थरात असतात तसे सेरामाइड आहेत, ग्लिसरीन आहे आणि शिवाय पेट्रोलॅटम आहे, म्हणजे पाणी धरणारा आणि पाणी अडवणारा असे दोन्ही घटक एकाच डब्यात. सुगंध घातलेला नाही. भारतात हा ब्रँड २०२३ पासून अधिकृतपणे मिळतो, त्यामुळे आयात केलेल्या संशयास्पद डब्यांच्या मागे लागायचं कारण उरलेलं नाही. ऑगस्टात ठाण्यात हे क्रीम दिवसा लावलं तर वीस मिनिटांत घामाबरोबर चिकचिक होते. तेवढ्यावरून नापास करू नये; एसीच्या रात्री त्याची परीक्षा घ्यावी. दोष दोन. मोठ्या डब्यात बोटं बुडवावी लागतात, म्हणून प्रवासाला ट्यूब बरी. आणि ज्यांना मुरुमं सहज येतात त्यांनी कपाळ आणि नाक सोडून आधी फक्त गालांवर लावून बघावं.

निव्हियाच्या निळ्या डबीचं नाव घरातली मोठी माणसं हमखास काढतात. हातापायांना ती चांगलीच आहे. चेहऱ्यासाठी सुगंध आणि जडपणा या दोन कारणांनी ती सगळ्यांना मानवत नाही. आणि ती न्यायची गरजही नाही: बायर्सडॉर्फ कंपनी हॅम्बुर्गचीच, डबी तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

व्हॅसलीनची छोटी डबी मात्र न चुकता. क्रीमच्या वर डाळीएवढं व्हॅसलीन बोटांवर पसरवून नाकाच्या कडा, ओठ आणि डोळ्यांखाली टेकवायचं. पाणी उडणं रोखण्यात इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक दुसरं काही नाही. ओठांसाठी मेंथॉल, कापूर किंवा दालचिनी घातलेले बाम टाळावेत. गार वाटतात म्हणून पुन्हा पुन्हा लावले जातात आणि ओठ जास्त सोलतात.

मिनिमलिस्टसारख्या कंपन्यांचे सीरम आता प्रत्येक यादीत असतात. १० टक्के नायसिनमाइड इथल्या तेलकट त्वचेला बऱ्याचदा मानवतं, पण कोरडी पडलेली त्वचा त्याने लाल होऊ शकते. ५ टक्क्यांचं पुरतं. २ टक्के सॅलिसिलिक ऍसिड इथे रोज लावणाऱ्यांनी तिथे पोहोचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण थांबवावं आणि नंतर आठवड्यातून एक-दोनदाच लावावं. हिवाळ्यात गाल सोलले की लोक आणखी एक्सफोलिएशन करतात, म्हणजे अशा ऍसिडने किंवा घासून मेलेली कातडी काढतात, आणि मग भाजल्यासारखी आग होते. व्हिटॅमिन सी सीरमची उघडलेली बाटली नेऊ नये. रंग नारिंगी-तपकिरी झाला असेल तर ते वाया गेलेलं असतं.

सनस्क्रीनबद्दल थोडं वेगळं मत. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा वापरून महिना-सव्वा महिना जाते, म्हणजे सेमिस्टरभराचा साठा म्हणजे चार-पाच ट्यूब. हिवाळी सेमिस्टरसाठी एवढ्या नेणं व्यर्थ आहे. नोव्हेंबर ते जानेवारी जर्मनीत अतिनील निर्देशांक बहुतेक दिवस १ च्या आसपास असतो, आणि जागतिक आरोग्य संघटना ३ पासून पुढे संरक्षण सुचवते. सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी एक ट्यूब पुरे. बर्फात फिरायला किंवा स्कीइंगला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या उन्हाळी सेमिस्टरला जाणाऱ्यांनी मात्र रोज लावावं. एसपीएफ ३० आणि ५० यांच्यात अडवल्या जाणाऱ्या किरणांचा फरक ९७ आणि ९८ टक्के एवढाच आहे. कमी लावण्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. नुसत्या झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर राखाडी छटा देतात, ती इथेच उजेडात बघून घ्यावी.

खोबरेल तेल नेणाऱ्यांसाठी एक बारीक पण कामाची गोष्ट. ते २४ अंशांखाली गोठतं. अरुंद तोंडाच्या बाटलीतून तिथे ते निघणारच नाही, रुंद तोंडाच्या बरणीत भरावं. केसांना आणि अंगाला चांगलं, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला लावू नये. दिवाळीसाठी उटण्याचं एक पाकीट न्यायला हरकत नाही. दुधाच्या सायीत कालवून, न घासता लावावं आणि लगेच क्रीम.

किती न्यायचं? चेहऱ्याला दिवसातून दोनदा मिळून साधारण २ ग्रॅम क्रीम लागतं, म्हणजे महिन्याला ६० ग्रॅम. अंगाच्या लोशनचं प्रमाण रोजचं १०-१५ मिली, म्हणजे महिन्याला ३००-४५० मिली. पाच महिन्यांचं बॅगेत भरलं तर दोन किलो तिथेच जातात, आणि ते दोन किलो कांदा-लसूण मसाल्याला आणि भाजणीला हवे असतात. महिनाभराचं क्रीम आणि पहिल्या आठवड्याचं लोशन न्यावं. डीएम आणि रॉसमन ही दुकानं बहुतेक प्रत्येक विद्यापीठाच्या गावात आहेत. डीएमच्या स्वतःच्या बालेआ ब्रँडचं युरियाचं लोशन दोन-चार युरोंत मिळतं आणि पायांच्या कोरडेपणावर फार चांगलं काम करतं. अंगाला ५ टक्के युरिया, टाचांना १० टक्के. भेगा पडून कातडी उघडी असेल तर युरिया झोंबतो, तिथे आधी दोन दिवस व्हॅसलीन. घरून निघताना आपल्याला मानवलेल्या क्रीमच्या घटकयादीचा फोटो काढून ठेवावा. रासायनिक घटकांची नावं तिथल्या डब्यांवर बहुतांशी त्याच लिपीत, तशीच असतात, पहिली सहा-सात जुळवून पर्याय शोधता येतो.

केबिन बॅगेत प्रत्येक डबी १०० मिलीच्या आतली, आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक झिप पिशवीत. अर्धी वापरलेली १५० मिलीची ट्यूब चालत नाही, डबीवरचा आकडा बघतात. क्रीम, जेल, व्हॅसलीन हे सगळं द्रवात धरलं जातं. क्लेन्झर, क्रीम आणि लिप बाम केबिनमध्येच ठेवावेत: चेक-इन बॅग उशिरा आली आणि त्यात रविवार निघाला, तर जर्मनीत रविवारी ही दुकानं बंद असतात. चेक-इनमध्ये जाणाऱ्या बाटल्यांचं झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवावा, झाकण घट्ट लावून वर टेप फिरवावी. विमानात हवेचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि पंपातून लोशन बाहेर येतं. ट्यूब बंद करण्याआधी दाबून आतली हवा काढावी. सनस्क्रीन दुसऱ्या डबीत काढू नये, त्याचा टिकाऊपणा मूळ पॅकिंगवर अवलंबून असतो.

मुरुमांची औषधं या सामानापासून वेगळी समजावीत. ऍडापलीन आणि ट्रेटिनॉइन जर्मनीत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून लागणारा साठा मूळ खोक्यात न्यावा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, औषधाच्या जेनेरिक नावाने लिहिलेली चिठ्ठी बरोबर ठेवावी. थंडीत ही औषधं रोज सोसत नाहीत. एक दिवसाआड, आधी क्रीम मग औषध मग पुन्हा क्रीम, असं कसं लावायचं ते इथल्या डॉक्टरांनाच निघण्यापूर्वी विचारून घ्यावं. बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरणाऱ्यांनी उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे न्यावेत, रंगीत कापडावर त्याचे फिकट डाग पडतात आणि ते जात नाहीत.

आणि घरातल्या कपाटातली बेटनोव्हेट किंवा पँडर्मसारखी ट्यूब, जी खाज आली, डाग पडला की लावली जाते, ती बॅगेत अजिबात जाऊ देऊ नये. त्यांत स्टेरॉइड असतं. चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी पातळ होते, मुरुमं उठतात, आणि थांबवलं की आग आणि लाली उसळते. ती सवय आधीच लागलेली असेल तर एकदम बंद न करता निघण्याच्या दोन-तीन महिने आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं, कारण सोडण्याचा हा काळ हीटरच्या खोलीत काढणं अतिशय कठीण जातं.