चारपैकी एकच वजन काट्यावर ठेवलं आणि २४ हजाराला फसलो

पुण्याजवळचा दिवे घाट चढून वर गेलं की पुढे आमची पावणेतीन एकर जमीन आहे, अंजीर आणि सीताफळ. मी राहायला धायरीला, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शेतावर असतो. झाडांच्या ओळीतून मोठा ट्रॅक्टर जात नाही म्हणून ३ वर्षांपूर्वी १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. आता ज्यांच्याकडे असा छोटा ट्रॅक्टर आहे त्यांना आमचं दुखणं लगेच कळेल, मागे कल्टिवेटर (मशागतीचं फणांचं अवजार) लावला आणि जमीन थोडी ओली असली की चाक जागेवर गरगर फिरतं, ट्रॅक्टर पुढे सरकतच नाही, नुसतं डिझेल जळतं आणि चाकाखाली खड्डा पडतो. आमचं रान उताराचं, वर मुरूम आणि खाली काळवट माती, त्यामुळे शेणखताची ट्रॉली घेऊन वरच्या तुकड्यात जायचं म्हणजे रामनामच.

यात इंजिनाचा दोष नसतो. ताकद असते, पण ती जमिनीला लागायला मागच्या चाकांवर वजन पाहिजे. आमच्या ट्रॅक्टरचं वजन कंपनीच्या पुस्तकात ७९० किलो लिहिलंय, म्हणजे हलकाच की. म्हणून लोक दोन गोष्टी करतात, टायरमध्ये पाणी भरतात किंवा चाकाच्या डिस्कला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, गोल वजनं बोल्टने कसतात. दोन्ही उपाय जुने आणि चांगले आहेत, माझी तक्रार उपायाबद्दल नाहीच. तक्रार आहे ती ज्यांनी मला तो विकला त्यांच्याबद्दल. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे, पण कसं फसवलं ते सगळं लिहितो म्हणजे तुम्ही तरी सावध व्हाल.

शहराच्या कडेला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे, तिथे रोटावेटरची पाती आणायला गेलो होतो. बोलता बोलता चाक स्लिप मारतं असं म्हणालो तर मालक म्हणाला, "साहेब, पूर्ण पॅकेज करून देतो, बिडाची ३० किलोची चार वजनं आणि टायरमध्ये केमिकलचं पाणी." मी म्हणलं साधं पाणी का नको? तर म्हणाला साधं पाणी थंडीत गोठतं आणि टायर फाटतो, बाहेरच्या देशात सगळे कॅल्शियम क्लोराईडच घालतात, शिवाय ते जड असतं, लिटरला सव्वा किलो भरतं.

इथेच मी थांबायला पाहिजे होतं. बाहेरच्या देशात ते घालतात हे खरं आहे, कारण तिकडे हिवाळ्यात पाणी खरंच गोठतं आणि कॅल्शियम क्लोराईड घातलेलं पाणी लवकर गोठत नाही. पण आपल्याकडे? पुण्यात आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान १.७ अंश, तेही १९३५ च्या जानेवारीत. टायरमधलं पाणी गोठायचा प्रश्न येतोच कुठे. हे मला नंतर समजलं, त्या दिवशी मात्र तो इतक्या खात्रीने बोलत होता की मी मान डोलवत राहिलो. आणि ते रसायन लोखंडाला किती खातं, ट्यूबमधून किंवा व्हॉल्व्हपाशी थोडं जरी झिरपलं तरी रिम सडवतं, हे त्याने एका शब्दानेही सांगितलं नाही.

मग त्याने मला वजन दाखवलं. भिंतीशी पाच-सहा गोल तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, जाड करडा रंग लावलेल्या. वरची तबकडी पोराने उचलून काट्यावर ठेवली, ३० किलो २०० ग्रॅम. "बघा साहेब, वरच दिलंय." माझं समाधान झालं. तबकडी मी निवडली नाही, त्यांनीच उचलली, आणि बाकीच्या काट्यावर ठेवा असं मी म्हणालो नाही. सगळी फसवणूक एवढ्याच जागेत झाली.

हिशोब असा झाला, १२० किलो वजनं १४५ रुपये किलोने १७,४००, केमिकलचं पाणी ९० लिटर ६० रुपयांनी ५,४००, आणि शेतावर येऊन फिटिंगचे १,२००. एकूण २४ हजार. बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर अजून वाढेल, कशाला, आपण घरचीच माणसं" असं म्हणून एका चिठ्ठीवर आकडे लिहून दिले, खाली ना सही ना शिक्का. पैसे क्यूआरवर पाठवले, त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. ते मला दिसलं पण मी विचारलं नाही.

पालखी घाटातून वर गेल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांची दोन पोरं पिकअप घेऊन शेतावर आली. मी त्यांच्यासाठी चहा आणायला खोपीवर गेलो आणि परत येईपर्यंत तीन वजनं लागली होती. चौथं एका पोराने माझ्यासमोर दोन्ही हातांनी कण्हत कण्हत उचललं, ते खरं ३० किलोचं होतं हे आता कळतंय. टायरमध्ये मोटरने पाणी भरलं, हवा टाइट मारली आणि गेले.

पहिले काही दिवस मला फरक जाणवल्यासारखा वाटला. पैसे घातले की तसं वाटतंच. पण श्रावणात कल्टिवेटर लावला तर परत तेच, चाक गरगर. आणि डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हपाशी पांढरी पापडी धरलेली, तिच्याखाली तांबडा गंज. फोन केला तर मालक म्हणाला पहिल्या वर्षी थोडं येतं, पुसून घ्या.

माझी भाची राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकते, राखीला घरी आली होती, तिला शेतावर नेलं. ती म्हणाली मामा, अंदाजाने बोलू नका, मोजू. टायरवर खडूने खूण केली, कल्टिवेटर वर उचलून ट्रॅक्टर चालवला आणि चाकाचे १० फेरे किती अंतरात होतात ते टेपने मोजलं, २६ मीटर. मग फण जमिनीत घालून परत १० फेरे मोजले तर अंतर भरलं फक्त २० मीटर. म्हणजे ६ मीटर चाक फुकट फिरलं, २३ टक्के स्लिप. ती म्हणाली १० ते १५ च्या आसपास असली तर ठीक, आणि तुम्ही म्हणता तेवढं वजन घातलं असेल तर इतकी स्लिप यायला नको. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी ही मोजणी एकदा कराच, एक खडू आणि एक टेप लागतो फक्त, आणि वजन घालायच्या आधी करा म्हणजे नंतर तुलना करता येते, माझ्याकडे आधीचा आकडाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सासवडला वजनकाट्यावर नेला, कल्टिवेटर काढून. पुस्तकातले ७९०, त्यात वजनं १२० आणि पाणी लिटरला सव्वा किलोने ११२, म्हणजे हजाराच्या वर भरायला पाहिजे. काटा ९२० वर थांबला. माझ्या पोटात धस्स झालं. शंभर किलो गेले कुठे?

घरी आणून सगळं उघडलं. चारही वजनं काढली, आणि काढतानाच समजलं, एक हातात धरवत नव्हतं आणि तीन सहज उचलली जात होती. काट्यावर ठेवली तर एक ३० किलोचं आणि तीन प्रत्येकी १४ च्या आसपास. बाहेरून चारही सारखी, तोच व्यास, तीच जाडी, तोच रंग. लोहचुंबक चारही ठिकाणी चिकटलं, त्यामुळे चुंबकाने तपासून काही कळत नाही हे लक्षात ठेवा. हातोडीने मारलं तेव्हा खऱ्याचा टण्ण आवाज आला आणि बाकीच्यांचा बद्द. अजून एक, खऱ्या वजनावरचा ३० आकडा ओतीव होता, कडा गोलसर, आणि बाकीच्या तिघांवर वेल्डिंगचे मणी ओढून ३० काढलेला, वरून जाड रंग फासलेला. मग शेजारच्या गॅरेजवाल्याकडून ग्राइंडर आणून एक कापलं. आतून काँक्रीट निघालं! ३ एमएमच्या पत्र्याचा डबा, त्यात खडी-सिमेंट. बीड लिटरला सात किलोच्या पुढे भरतं आणि काँक्रीट सव्वादोन-अडीच, म्हणून आकार तोच ठेवूनही वजन निम्म्याच्या खाली. बिडाच्या भावाने मी खडी विकत घेतली.

पाण्याची गोष्ट तर अजून वाईट. टायरमध्ये पाणी भरताना चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह अगदी वर आणतात आणि व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर यायला लागलं की थांबतात, म्हणजे साधारण पाऊण टायर भरतो आणि वर हवेला जागा राहते. तपासायलाही तेच, व्हॉल्व्ह वर आणून पिन दाबा, पाण्याचा शिंतोडा यायला पाहिजे. आमच्या दोन्ही टायरमधून नुसती हवा आली. व्हॉल्व्ह पार खाली आणून पाणी बादल्यांमध्ये काढलं तर एका चाकातून जेमतेम ३० लिटर. पैसे घेतले ४५-४५ चे.

आणि ते केमिकलही नव्हतं. १ लिटर मोजून घरच्या डिजिटल काट्यावर ठेवलं तर १ किलो ४० ग्रॅम, सव्वा किलोच्या जवळपासही नाही. भाचीने मग एका ग्लासात ते पाणी घेऊन त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं. कॅल्शियम क्लोराईड असतं तर लगेच दुधासारखं पांढरं झालं असतं, खाली चुन्यासारखा गाळ बसला असता. आमचं किंचित धुरकट झालं, तेवढं तर बोअरच्या पाण्याने पण होतं. ते मिठाचं पाणी होतं, साधं मीठ! बायकोने कढईत थोडं आटवलं तर खाली मीठच राहिलं. जड होण्याइतकंही घातलेलं नाही, फक्त चव आणि पांढरी पापडी दिसण्यापुरतं. पण रिम खायला तेवढं पुरेसं झालं. पंक्चरवाल्याने टायर उतरवला तर ट्यूबला व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक चीर होती, तिथून खारं पाणी ट्यूब आणि रिमच्या मधे जाऊन बसलेलं. डावी रिम आतून पोपडे सुटल्यासारखी झाली होती. पैसे गेले त्याचं दुःख आहे, पण त्या रिमचा मला जास्त राग येतो. चोरी केलीत ती केलीत, वर माझ्या चांगल्या वस्तूची नासाडी का केलीत?

दुकानात गेलो. कापलेलं वजन घेऊनच गेलो. मालकाने हात झटकले, हा आमचा माल नाही, तुम्ही कुठून बदलून आणला आम्हाला काय माहीत. चिठ्ठी दाखवली तर हे आमचं अक्षर नाही. पैसे ज्याच्या नावावर गेले तो माणूस दोन महिन्यांपूर्वी काम सोडून गेला म्हणे. आवाज चढला तेव्हा ७ हजार देतो, विषय मिटवा असं म्हणाला. मी घेतले नाहीत. हिला वाटतं घ्यायला हवे होते, त्यावरून घरात थोडं वाजलंही, पण ७ हजार घेऊन मिटवलं की तो पुढच्याला तेच विकणार.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवली. वैध मापन शास्त्र विभागाकडे वेगळा अर्ज दिला, कारण ३० चा आकडा घालून १४ किलो विकणं हा सरळ वजनमापाचा मामला आहे, सोबत वजनकाट्याची पावती आणि चारही वजनांचे काट्यावरचे फोटो जोडले. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, तिथे ५ लाखापर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि २ वर्षांच्या आत जावं लागतं. वकील ओळखीचे आहेत ते म्हणाले तुमची बाजू खरी आहे पण बिल नाही हे फार जड जाणार. क्यूआरचं पेमेंट आणि फोनवरचे त्याचे मेसेज एवढाच पुरावा. एका मेसेजमध्ये "चार वेट आणि केमिकल उद्या पाठवतो" असं त्याने स्वतः लिहिलंय, त्यावर आता सगळी भिस्त आहे.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर रिमचा गंज घासून आतून प्रायमर-रंग मारला, नवीन ट्यूब टाकल्या आणि विहिरीचं साधं पाणी मी स्वतः भरलं, व्हॉल्व्ह वर ठेवून, एका चाकात ४५ लिटर बसलं. खर्च ट्यूबचा आणि पंक्चरवाल्याचा, पाण्याचा काहीच नाही. भोसरीतल्या एका ओतकामवाल्याकडे ते एक खरं वजन नमुना म्हणून दिलं आणि त्यावरून तीन ओतून घेतली, प्रत्येक माझ्यासमोर काट्यावर ठेवलं, २९ किलो ६०० च्या आसपास भरली, पक्कं बिल घेतलं. हवाही पुस्तकात लिहिलीय तेवढीच ठेवली, त्या पोरांनी फार टाइट मारली होती आणि टाइट टायरची पकड कमी होते. परवा वाफसा (मशागतीजोगा ओलावा) आल्यावर परत खडू लावून मोजलं, फण जमिनीत असताना १० फेऱ्यात साडेएकवीस मीटर, म्हणजे सतरा टक्के. भाची म्हणते अजून थोडं कमी होईल, पण टायरवर किती भार चालतो ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय अजून एक किलोही वाढवू नका. काँक्रीटची दोन अख्खी आणि एक कापलेलं वजन मोटरच्या खोलीत पोत्यात बांधून ठेवलंय, आयोगात न्यायला लागतील.