कंडम डबा : अख्खा ठेवावा की कापून?

गेल्या सहा महिन्यांत दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक मावळात शाळा चालवणारे गृहस्थ, दुसरे बाणेरकडच्या एका मोठ्या सोसायटीचे सेक्रेटरी. दोघांनाही लोकलचा निवृत्त डबा आणून आपल्या आवारात उभा करायचाय. आम्हा पाच-सहा मित्रांचा हा उद्योग एकदा करून झालाय, त्यामुळे फोन फिरत फिरत माझ्याकडे येतात. तेच ते सांगून घसा बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

कंडम म्हणजे रेल्वेने सेवेतून बाद केलेला डबा, बोगी म्हणजे त्याच्या खालचा चाकांचा गाडा, आणि असे डबे लिलावात विकतात, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. माझा मुद्दा त्याच्या पुढचा. डबा अख्खा ठेवायचा, की एक दार, दोन खिडक्या आणि दोन बाकं एवढाच काप काढून छपराखाली बसवायचा? आम्ही एकाच डब्यावर दोन्ही केलं. आधी अख्खा ठेवला, मग कापला. एका डब्यावरून नियम काढू नये हे मान्य, पण तुलना याहून सरळ कुठे मिळणार?

त्याआधी ‘मुळात जपायचाच कशाला’ हे उरकतो. आमच्या पहिल्याच बैठकीत चहा घेऊन आलेल्या वहिनींनी विचारलं होतं, “भंगाराला हळदीकुंकू वाहायची एवढी काय हौस?” प्रश्न गैर नव्हता. वाफेचं इंजिन जपायला कुणी कारण मागत नाही. त्याला नाव असतं, रुबाब असतो. लोकलच्या किंवा मेट्रोच्या डब्याला नुसता नंबर, आणि त्याच्यासारखेच दिसणारे शेकडो भाऊ. त्यामुळे तो जातो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. कोलकात्याची मेट्रो 24 ऑक्टोबर 1984 ला सुरू झाली, देशातली पहिली. तिचे बिनएसीचे डबे बरोबर 37 वर्षांनी, 24 ऑक्टोबर 2021 ला थांबले. शनिवारवाड्यात जेवढी माणसं राहिली असतील, तेवढी त्या डब्यांतून एका सकाळी गेली असतील. पण वाड्याला तिकीट लागतं आणि डब्याला भंगाराचा भाव.

शिवाय माझा स्वार्थ आहेच. पुणे-लोणावळा लोकल 1978 ची. मी 1986 पासून 22 वर्षं शिवाजीनगर ते चिंचवड तिच्यातून नोकरीला गेलो. खडकी सोडून गाडी मुळेच्या पुलावर आली की खिडकीशी बसलेला माणूस, कुणी न सांगता, शटर खाली ओढायचा. नदीच्या वासामुळे. पूल संपला की शटर वर. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्या शटरला हात लावला तरच ते आठवतं.

अख्ख्या डब्याचं वेड मला लागलं ते न्यूयॉर्कमध्ये. लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. बायको आणि लेक खरेदीला गेल्या, मी ब्रुकलिनचं ट्रान्झिट म्युझियम बघून आलो. कोर्ट स्ट्रीट नावाचं एक भुयारी स्टेशन 1946 साली बंद झालं, त्यातच 1976 पासून हे संग्रहालय आहे. जुने डबे प्लॅटफॉर्मला लागलेले, दारं सताड उघडी. आत जा, वेताच्या विणीच्या सीटवर बसा, छताचे पंखे बघा, कुणी हटकत नाही. 1930 च्या दशकातले काही डबे डिसेंबरात बाहेर काढून चक्क माणसं भरून चालवतात. मी तिथे एका सीटवर पाऊण तास बसलो होतो, लेकीचे चार मिस्ड कॉल येईपर्यंत.

याच न्यूयॉर्कने 2001 पासून दहाएक वर्षांत अडीच हजारांवर निवृत्त डबे अटलांटिकच्या तळाशी सोडले, माशांना घर म्हणून. पहिले गेले ते लाल रंगाचे ‘रेडबर्ड’. डेलावेअरपुढच्या त्या जागेला आता रेडबर्ड रीफच म्हणतात. नंतर स्टेनलेस स्टीलचे चकचकीत डबे गेले. ते न्यू जर्सीच्या समुद्रात काही महिन्यांत पत्त्याच्या बंगल्यासारखे बसले, आणि त्या राज्याने पुढचे डबे घेणं थांबवलं. “स्टेनलेसचा आहे, त्याला काय होतंय” असं मला कुणी म्हणालं की मी हे ऐकवतो. तर तिथेही सगळे जपलेले नाहीत. मोजके ठेवले, पण ठेवले ते छपराखाली, रुळावर आणि दारं उघडी ठेवून. यातलं शेवटचं मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे महागात पडलं.

आता आमचा डबा. अख्ख्या डब्याच्या बाजूने बोलायचं तर त्याच्याइतकं खरं काही नाही. आपली लोकल 3.66 मीटर रुंद असते हे कागदावर वाचून काही वाटत नाही. रिकाम्या डब्यात मधोमध उभे राहिलात की कळतं, एवढ्या जागेत आपण किती माणसं कोंबली होती. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला हाक मारली की आवाज पत्र्यावरून घसरत जातो. पोरं या दारातून त्या दारापर्यंत धावतात. हे कापलेल्या तुकड्यात मिळणार नाही, आणि मिळतं असं म्हणणारा तुम्हाला फसवतोय.

आणण्याचा त्रास सांगत नाही, तो बहुतेकांना अंदाजाने माहीत असतो. सुमारे 21 मीटरचा डबा रात्री ट्रेलरवर, पुढे एक माणूस बांबूने वायरी उचलत, वळणावर कुणाच्या तरी कंपाउंडचा कोपरा गेलेला. होतं ते सगळं, आणि पुढे त्याच्या गोष्टी होतात. पावसाचंही तसंच. तळेगावच्या अलीकडे एका शैक्षणिक संस्थेच्या मोकळ्या आवारात आम्ही तो उभा केला. मावळातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. खिडकीतून गेलेलं पाणी भिंतीच्या पत्र्याआडून खाली उतरतं आणि जमिनीलगत साठून राहतं. वरून रंग ठणठणीत, खाली बोट लावलं की पापुद्रा हातात. दुसऱ्या पावसाळ्यात डाग, चौथ्यात भोकं. पण तेही सोसलं असतं. दरवर्षी वर्गणी काढून रंग लावला असता.

निकाल लावला तो कुलुपाने.

झालं असं. लोकलची जमीन प्लॅटफॉर्मच्या हिशेबाची. प्लॅटफॉर्म नसेल तर ती माणसाच्या छातीशी येते. आम्ही लोखंडी शिडी करून घेतली. पहिल्या महिन्यात एक पोरगं शिडीवरून टपावर चढलं. मग रात्री कुणीतरी आत बसून बाटल्या फोडल्या. मग एकाचं बोट सरकत्या दारात सापडलं. संस्थाचालक म्हणाले, बंद करा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. आता गंमत बघा, लोकलच्या त्या दारांना कुलूप लावायची सोयच नव्हती, कारण ती कधी बंदच होत नसत. वेल्डर बोलावून आम्ही प्रत्येक दाराला कडी-कोयंडा जोडून घेतला. आयुष्यभर मुसळधार पावसातही सताड उघडी राहिलेली दारं, त्यांना सहा पितळी कुलपं. किल्ल्यांचा जुडगा ऑफिसात, ऑफिस रविवारी बंद, आणि बघायला येणारा माणूस येणार रविवारीच.

माझ्याबरोबर वर्षानुवर्षं सव्वाआठच्या गाडीने जाणारे एक गृहस्थ आहेत, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांना एका रविवारी मुद्दाम गाडी करून तिथे नेलं. किल्ली नव्हती. आम्ही दोघं रुळांच्या बाजूच्या खडीत उभे. त्यांनी टाचा उंचावून गजांतून हात आत घातला. बोटं बाकाच्या कडेला कशीबशी टेकली. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग हात काढून रुमालाला पुसला आणि म्हणाले, “गाडी समोर उभी आहे आणि तरी आपली चुकली म्हणायची.”

घरी येताना गाडीत मी गप्प होतो. ते मात्र मजेत होते, कामशेतला बटाटेवडा खाऊ म्हणाले.

कापायचा निर्णय त्यानंतरच्या बैठकीत झाला. भांडणं झाली. आमच्यातला एक अजून मला ‘खाटीक’ म्हणतो, आणि त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. एकदा कापलेला डबा पुन्हा जुळत नाही. संग्रहालयवाल्यांच्या हिशेबात तो वस्तू उरत नाही, अवशेष होतो. खालचा सांगाडा जातो, लांबी जाते, चाकांवर उभं असण्याचा डौल जातो. वर हॉटेलातल्या सजावटीसारखं दिसण्याची भीती. हल्ली जुन्या डब्यांत रेस्टॉरंटं काढतात. मला त्यांचा राग नाही, लोक आत तरी बसतात. पण तिथे डब्याला नवा पोशाख चढवलेला असतो.

कापणार असाल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जुन्या डब्यांच्या पत्र्याआड अ‍ॅस्बेस्टॉसचा थर असू शकतो. त्याची धूळ फुफ्फुसात जाणं म्हणजे चेष्टा नाही. न्यूयॉर्कच्या रेडबर्डमध्येही ते होतंच, आणि डबे बुडवताना त्यावरून वाद झाला होता. जाणकाराकडून आधी तपासून घ्या, मगच ग्राइंडर लावा. आणि गॅस कटर नको, रंग वीतभर करपतो. आम्ही पहिल्या काठावर ती चूक केली, अजून दिसते.

आम्ही चांगल्या राहिलेल्या बाजूचा साधारण चार मीटरचा काप घेतला. एक दार मधल्या दांड्यासकट, दोन्हीकडे एकेक खिडकी शटरसह, समोरासमोर दोन बाकं, वर सामानाची जाळी, कड्या आणि एक पंखा. त्याच संस्थेच्या वाचनालयाला मोठी पडवी आहे, तिथे जमिनीसरसा बसवला. शिडी नाही, कुलूप नाही. बाकीचा डबा भंगारात गेला. त्या दिवशी मी तिकडे फिरकलो नाही.

मग काय झालं? आकडेवारी आमच्याकडे नाही, वही ठेवली होती ती आठवड्यात हरवली. डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो. पोरं तिथे अभ्यासाला बसतात. वाचनालयाचा शिपाई जेवणाच्या डब्याची पिशवी जाळीवर टाकतो, जशी आम्ही टाकायचो. एका दुपारी बाकावर कुणी नव्हतं, पण कोपऱ्यातल्या जागेवर घडी घातलेला रुमाल होता. मला वाटलं कुणाचा विसरला. तेवढ्यात एक मुलगी पाण्याची बाटली भरून आली, रुमाल उचलला आणि बसली. तिला विचारलं, लोकलने येतेस का? नाही म्हणाली, स्कूटीने. मग हे कुणी शिकवलं? “इथे सगळे असंच करतात, काका.” तीन जणांच्या बाकावर चौथा आला की तिघं न बोलता अर्धा वीत सरकतात. तेही मी दोनदा पाहिलंय. अख्खा डबा चार वर्षं उभा होता, त्यात हे एकदाही घडलं नाही. घडणार कसं?

तरी तुकडाच घ्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुमच्याकडे छप्पर असेल, डब्याच्या उंचीचा ओटा बांधायची तयारी असेल, आणि रोज दार उघडून तिथे बसणारा पगारी माणूस असेल, तर अख्खाच घ्या, माझं ऐकू नका. टोकियोत 1927 सालचा गिन्झा लाइनचा पहिला डबा असाच संग्रहालयात छपराखाली आहे, आणि 2017 पासून त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा सरकारी दर्जाही आहे. पण तिथे छप्पर, पैसा आणि माणूस हे आधी होतं, डबा नंतर आला. आपल्याकडे डबा आधी येतो.

चालता डबा ठेवणं हा तिसरा पर्याय, तो आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेचे 1938 चे डबे आइल ऑफ वाइट बेटावर जानेवारी 2021 पर्यंत रोजच्या प्रवाशांना वाहत होते, पण ती रेल्वेने केलेली गोष्ट. मॉडेलची हौस असेल तर कोथरूडचं जोशींचं रेल्वे म्युझियम बघून या, मन भरेल. आवाज मात्र जमतील तेव्हा टिपून ठेवा. मध्य रेल्वेवरची शेवटची डीसी, म्हणजे जुन्या एकदिश विजेवर चालणारी, लोकल 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून सुटली. तिच्याबरोबर तो सुटताना चढत जाणारा मोटरचा सूर गेला. आमच्या कापाला पंखा आहे, सूर नाही. ही रुखरुख राहिली.

कागदांचं विसरू नका. रेल्वेचं सामान विनापावती बाळगणं 1966 च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतं, मग ती एक कडी का असेना. लिलावाची पावती, डिलिव्हरीचा कागद, सगळं फाइलला लावा. आणि कापताना डब्याचा नंबर लिहिलेला पत्रा आधी बाजूला काढा. आमचा भंगारात जाता जाता वाचला.

शाळावाल्यांकडे पत्र्याची जुनी शेड आहे, 25 मीटरची. मी त्यांना म्हटलं, अख्खा बसतोय, बघा. पण रविवारी किल्ली कोणाकडे राहील ते आधी सांगा. विचार करून कळवतो म्हणाले. सोसायटीवाल्यांना चार मीटर सांगितलंय, क्लब हाउसच्या जिन्याखाली. तिथे आधीच टेबल टेनिसचं टेबल आहे म्हणे.