कोबीला यीस्ट: पुडीतलं की शिळ्या पावाचं?

मालवणकडच्या आमच्या परसात थंडीत कोबीची दहा-बारा रोपं असतात. यंदा वाढीसाठी निम्म्यांना शिळ्या पावाचं आंबवलेलं पाणी घातलं, निम्म्यांना सुक्या यीस्टचं.

पाव फुकट, एवढीच त्याची बाजू. भट्टीत पावाचा गाभा 90 अंशांवर तापतो. यीस्ट 60च्या आसपासच मरतं. म्हणजे बादलीत आंबवतात ते इकडून तिकडून आलेले जंतू, आणि पावातलं मीठ मुळांशी जातं ते वेगळंच. वर मुंग्या. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आईनं नाकाला पदर लावून बादली लांब न्यायला लावली.

पुडीतलं यीस्ट जिवंत असतं. 10 ग्रॅम यीस्ट, दोन चमचे साखर, 10 लिटर कोमट पाणी. दोनेक तासांत फेस धरतो, आंबोळीच्या पिठासारखा. पाचपट पाणी मिसळून बुंध्याशी तांब्याभर, तेही माती ओली असतानाच. दोन दिवसांनी चिमूट-दोन चिमूट चाळलेली राख. पोटॅश मिळतं आणि जांभ्याच्या आंबट मातीला ती मानवते. शेणखत सुटत नाही हं, एवढ्याशा यीस्टातून नत्र नाममात्रच मिळतं.

पुडी जुनी असेल तर आधी वाटीभर कोमट साखरपाण्यात फेस येतो का बघा.