व्हीरॅम कूलिंग मॉडच्या नावाखाली मला टोपी घातली, लॅपटॉप देण्याआधी हे वाचा

गेमिंग लॅपटॉपचं 'मेमरी कूलिंग मॉड', म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी (व्हीरॅम) थंड ठेवायचं काम, करून देतो म्हणणारे सध्या बरेच झालेत, त्यातल्या एकाने मला रीतसर गंडवलं. कसं ते सविस्तर लिहितोय, कारण ट्रिक अशी होती की नुसतं टेम्परेचर बघणाऱ्याला ती कधीच कळणार नाही.

लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड आहे, ८ जीबी जीडीडीआर६ मेमरीचं. गेम चालू केला की थोडा वेळ मस्त, मग फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी व्हायला लागायच्या आणि मधूनच टेक्श्चरवर रंगीत ठिपके. कोअर, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, ८० डिग्रीच्या आत म्हणजे ठीकच, म्हणून संशय मेमरीवर. कोअरवर थर्मल पेस्ट असते पण बाजूच्या मेमरी चिप आणि हीटसिंकमध्ये फट राहते, ती पॅडने भरलेली असते, आणि हे पॅड जुने झाले की तेल सोडतात, कडक होतात, चिपला नीट टेकत नाहीत. म्हणजे काम काय तर पॅड बदलणे, बस.

हा म्हणाला, "सर, साधे पॅड नकोच, १५ वॅटवाले इम्पोर्टेड टाकतो, वर कॉपर शिम लावतो, मेमरी डायरेक्ट २० डिग्री खाली, लिहून देतो." शिम म्हणजे मधे घालायची तांब्याची पातळ चकती, आणि १५ वॅट म्हणजे पॅड उष्णता किती वाहून नेतो त्याचं रेटिंग. लिहून अर्थातच काही दिलं नाही, लॅपटॉप परत देताना एक स्क्रीनशॉट पाठवला, त्यात मेमरी जंक्शन, म्हणजे मेमरी चिपच्या आतलं टेम्परेचर, ७२. घरी लावून बघितलं तर फॅनचा आवाज कमी, कोअर ६४ वर, ठिपके गायब. मी पण खूश.

मग एका मित्राबरोबर, त्याच्याकडे सेम मॉडेल आहे, एकच गेम एकाच सेटिंगवर लावला तर त्याला ९० च्या वर फ्रेम आणि मला ६०. आणि ६० म्हणजे अगदी पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, ना ५९ ना ६१. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये गेलो तर ग्लोबल सेटिंगमध्येच मॅक्स फ्रेम रेट ६० ला बांधून ठेवलेला! कार्ड अर्ध्या ताकदीने चालतंय, ७० वॅटसुद्धा धड खेचत नाहीये, मग थंड राहणारच की. पुढे ओव्हरले (गेमवरच आकडे दाखवणारी पट्टी) लावला तर मेमरी क्लॉक, म्हणजे मेमरीचा वेग, ६५०० च्या आसपास, जो या कार्डाला आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) ७००१ दिसायला पाहिजे. आणि हो, आफ्टरबर्नर मी कधी टाकलंच नव्हतं, ते याने टाकून स्टार्टअपला मिनिमाइज करून लपवलेलं, मेमरी ऑफसेट मायनस ५००, म्हणजे मेमरीचा वेगच कमी करून ठेवलेला. ठिपके का गेले ते आता कळलं.

दोन्ही काढून टाकलं आणि परत टेस्ट घेतली तर ठिपके हजर, वर कोअर ८७ आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपचा सगळ्यात गरम बिंदू, १०८. कामाच्या आधी या दोघांत १२-१३ चा फरक असायचा, आता २१. हा आकडा लक्षात ठेवा, कोअर आणि हॉटस्पॉटमधलं अंतर काम केल्यानंतर अचानक वाढलं तर पहिला संशय हाच की हीटसिंक डायवर (कोअरच्या उघड्या चिपवर) सपाट बसलेला नाही.

खोलून बघितलं. आठ मेमरी चिप, त्यातल्या पाचांवर कंपनीचेच जुने तेलकट पॅड जसेच्या तसे. तिघांवर नवीन निळे पॅड, तेही पातळ पडले म्हणून एकावर एक दोन थर, आणि एकाची पारदर्शक प्लास्टिक फिल्म काढलेलीच नाही. कॉपर शिम कुठेच नाही. डबल पॅडमुळे हीटसिंक त्या बाजूने उचलला गेलेला, डायवर पेस्ट एका कडेला जाड थर आणि दुसऱ्या कडेला पार पिळून बाहेर आलेली. जुन्या पॅडवर चिपचा चौकोनी ठसा पण धड उमटलेला नव्हता, म्हणजे टेकतच नव्हते, मूळ दुखणं तेच होतं आणि त्याला याने हातसुद्धा लावला नाही.

आता ते १५ वॅट प्रकरण. विकणारे सगळे याच आकड्यावर खेळतात म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. जीडीडीआर६ ची चिप १४ बाय १२ मिमी, उष्णता साधारण अडीच वॅट धरू. १ मिमी जाडीचा ६ वॅट रेटिंगचा पॅड असेल तर पॅडच्या दोन बाजूंत फरक पडतो सुमारे अडीच डिग्रीचा. तोच पॅड १५ चा घेतला तर एक डिग्री. म्हणजे इतका गाजावाजा करून कमाई दीड डिग्री, आणि ती पण पॅडवर छापलेला आकडा खरा असेल तर, जो घरी तपासायची काही सोय नाही. २० डिग्री उतरतात त्या आधी पॅड टेकतच नसेल तेव्हा, आणि मग ६ वॅटच्या मऊ पॅडनेही जवळजवळ तेवढ्याच उतरतात. जाडी आणि मऊपणा बघा, १ मिमीच्या जागी दीड मिमीचा कडक पॅड घातला की कोअरची वाट लागली.

स्क्रीनशॉटची गंमत तर राहिलीच. एनव्हिडियाच्या ३० सिरीजमध्ये एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) मेमरी जंक्शन दाखवतं ते जीडीडीआर६एक्स या वेगळ्या मेमरीवाल्या कार्डांना, माझ्या जीडीडीआर६ ला ती ओळच येत नाही. नीट झूम करून बघितलं तर त्याच स्क्रीनशॉटमध्ये जीपीयू पॉवर ३१० वॅट! लॅपटॉपमधलं हे कार्ड काही केलं तरी १५० च्या वर जात नाही, म्हणजे फोटो कुठल्यातरी डेस्कटॉपचा.

फ्रेम बांधल्याचं विचारलं तर म्हणे "सर ते सेफ्टीसाठी लावलंय, सगळेच लावतात", पॅडचं विचारलं तर "कंपनीचे चांगले होते म्हणून ठेवले", आणि शिमचं विचारल्यावर ब्लॉक. पैसे गेले ते गेलेच.

कोणाला काम द्यायचंच असेल तर आधी स्वतः एकाच गेमचा लॉग काढून ठेवा, फ्रेम, जीपीयू पॉवर, मेमरी क्लॉक, कोअर, हॉटस्पॉट सगळं एकत्र, आणि परत घेताना तिथेच उभं राहून तेच चालवा, वॅट आणि क्लॉक तेवढेच असतील तरच टेम्परेचरला अर्थ आहे. जुने पॅड परत मागा. हीटसिंक एकदा बसवून परत उचलल्यावर नव्या पॅडवर ठसे कसे आलेत त्याचा फोटो मागा, खरं काम करणारा कुरकुर न करता देतो.

मी शेवटी स्वतः थर्मल पुट्टी (पॅडऐवजी वापरायचा मऊ लगदा) भरली, फट कमीजास्त असली तरी ती दाबून बसते, जाडीचं टेन्शन नाही. क्लॉक ७००१, पॉवर १२० च्या आसपास, हॉटस्पॉटचा फरक परत १३ वर आणि ठिपके नाहीत. मेमरी किती डिग्री उतरली ते विचारू नका, सेन्सरच दिसत नाही तर सांगू कुठून.

आणि तो माणूस आता मेमरीवर लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरायचा गॅलियमवाला पातळ धातू) लावून देतो म्हणे. चिप आणि हीटसिंकमध्ये जवळपास मिलिमीटरची फट, त्यात ते पाण्यासारखं द्रव टिकणार कसं, करंट वाहून नेतं, बाजूलाच उघडे कपॅसिटर, आणि हीटसिंकची ती प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर त्यातलं गॅलियम तिला खाऊन टाकतं. तिकडे कोणी जात असाल तर आधी मला मेसेज करा, खोललेल्या लॅपटॉपचे फोटो पाठवतो.